बोट धरणारी माणसे

मुंबईच्या उपनगरांत, घाटकोपरच्या पश्चिमेस, टेकड्यांची एक ओळ आहे. या टेकड्यांच्या उतरणीवर घराला घर लागून वस्त्या उभ्या आहेत. पहाट झाली, की तेथील अरुंद पायऱ्यांवर माणसांची वर्दळ सुरू होते. कोणी कारखान्याची वाट धरतो, कोणी बाजाराची, कोणी घरकामासाठी लगबगीने निघते. अशाच एका टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकविले आणि तेथूनच मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मुलांनो, आज मी तुम्हांला जी हकीकत सांगणार आहे, तिचा आरंभ माझ्याच एका चुकीपासून होतो.

एका पावसाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. महापालिकेचे डॉक्टर आणि परिचारिका घरोघर फिरून रोग्यांची चौकशी करीत होत्या. एके दिवशी सातवीचा तास चालू असता एक मुलगा उभा राहिला. तो अभ्यासात हुशार, पण बोलण्यात अबोल होता. तो म्हणाला, "सर, आमच्या वस्तीत डॉक्टर येतात. पण आमच्या वस्तीतून कोणी डॉक्टर झाले आहे का?"

सारा वर्ग हसला. मलाही हसू आले. मी म्हणालो, "अरे, मन लावून अभ्यास कर, म्हणजे तूच होशील!"

उत्तर गोड होते, परंतु त्यात काडीचीही मदत नव्हती. मुलाने मात्र माझा शब्द खरा मानला. त्याने दिवसरात्र अभ्यास केला आणि दहावीला उत्तम गुण मिळविले. पुढे काय करावे, हे सांगणारे घरी कोणी नव्हते. शेजारच्या एका मुलाने वाणिज्य शाखा घेतली होती, म्हणून यानेही तीच घेतली. शास्त्र शाखा आणि तीत जीवशास्त्र हा विषय घेतल्यावाचून डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेस बसता येत नाही, ही गोष्ट त्याच्या घरात कोणासच ठाऊक नव्हती. मला ती ठाऊक होती; पण मी ती त्याला कधी सांगितली नव्हती.

पुष्कळ वर्षांनी तो मला एका दुकानात भेटला. तो तेथे हिशेब लिहिण्याचे काम करीत होता. त्याने मला ओळखले, लगबगीने उठून नमस्कार केला व बसावयास खुर्ची दिली. बोलता बोलता जुन्या प्रश्नाची आठवण निघाली. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, अभ्यास मी केला होता, पण वाट कुणी सांगितलीच नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते बोलणे माझ्या मनाला अधिक लागले. त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा शोध घेऊ लागलो. ज्यांच्या घरात, जातीत किंवा समाजात पूर्वी कोणीही डॉक्टर अथवा परिचारिका झालेले नव्हते, अशी माणसे त्या ठिकाणी पोहोचली तरी कशी? वाचता वाचता मला दिसून आले, की अशा बहुतेक माणसांच्या पाठीशी आणखी कोणीतरी उभे होते. त्यांतील काही हकीकती आता ऐका.

पहिल्या हकीकतीचा आरंभ आपल्या देशापासून फार दूर, स्कॉटलंडमधील एडिंबरा या शहरी होतो. १८६९ साली काही स्त्रियांनी तेथील विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासास प्रारंभ केला. त्यांची पुढारी होती सोफिया जेक्स-ब्लेक. तिच्या सोबतिणींत एडिथ पीची नावाची एक तरुणी होती. स्त्रियांनी वैद्यक शिकावे, ही कल्पनाच त्या काळी पुष्कळांना असह्य वाटे. १८७० साली रसायनशास्त्राच्या परीक्षेत प्रथमच बसलेल्या विद्यार्थ्यांत एडिथने पहिला क्रमांक मिळविला. पहिल्या क्रमांकास शिष्यवृत्ती मिळावयाची होती. परंतु ती एडिथला न देता तिच्याहून कमी गुण मिळविलेल्या विद्यार्थ्यास देण्यात आली! त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात या स्त्रिया परीक्षेस निघाल्या असता दाराशी जमलेल्या जमावाने त्यांची वाट अडविली आणि त्यांच्या अंगावर चिखल फेकला. तथापि त्या मागे फिरल्या नाहीत. चिखलाने माखलेल्या कपड्यांनिशीच त्यांनी परीक्षा दिली.

इतके करूनही त्या विद्यापीठाने त्यांना पदवी दिलीच नाही. एडिथने स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जाऊन १८७७ साली पदवी मिळविली. सोफियाने तर याच्याही पुढचे पाऊल टाकले. "आमच्यासाठी दार उघडत नसेल, तर आम्हीच नवे घर बांधू," असाच जणू तिने निश्चय केला. १८७४ साली तिच्या पुढाकाराने लंडनमध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. या विद्यालयाची आठवण ठेवा. ते आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत एक वेगळीच अडचण होती. पुष्कळ स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्यास तयार नसत. आणि स्त्री डॉक्टर तर जवळजवळ नव्हत्याच. त्यामुळे साध्या दुखण्यानेही कित्येक स्त्रिया दगावत. काही उदार नागरिकांनी पुढाकार घेऊन निधी उभारला आणि इंग्लंडहून स्त्री डॉक्टरला बोलावून घेण्याचे ठरविले. त्या निमंत्रणावरून १८८३ साली एडिथ पीची मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून बांधलेले कामा रुग्णालय १८८६ साली सुरू झाले व पीचीबाई त्याच्या प्रमुख झाल्या. तेथे त्यांनी रोग्यांवर उपचार केलेच, शिवाय परिचारिका तयार करण्याचे शिक्षणही सुरू केले. स्वतः जे ज्ञान कष्टाने मिळविले, ते स्वतःपाशी ठेवून त्यांना समाधान नव्हते.

याच मुंबईत रखमाबाई नावाची एक मुलगी वाढत होती. तिचा जन्म १८६४ सालचा. ती सुतार समाजातील होती. लहानपणीच वडील वारले. पुढे आई जयंतीबाई हिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्य आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांच्या घरात ग्रंथांना आणि विद्येला मान होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. परंतु त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. माहेरीच राहून त्यांनी वाचनाचा व शिक्षणाचा ध्यास घेतला.

१८८४ साली त्यांच्या पतीने न्यायालयात दावा लावला, की पत्नीस माझ्या घरी पाठवावे. रखमाबाईंचे म्हणणे सरळ होते. 'ज्या लग्नाच्या वेळी मला काही समजत नव्हते व ज्याला माझी संमती नव्हती, ते माझ्यावर का लादता?' १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. परंतु त्यावर अपील झाले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायालयाने उलट आज्ञा केली : पतीच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास पत्करा. रखमाबाईंनी उत्तर दिले, की मी तुरुंगवास पत्करीन! बावीस वर्षांच्या तरुणीचे हे धैर्य पाहून सारा देश चकित झाला. कोणी तिची स्तुती केली, कोणी निंदा केली.

त्याच आठवड्यात महाराष्ट्रावर आणखी एक आघात झाला होता. अमेरिकेस जाऊन १८८६ साली डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी मृत्यू पावल्या. त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यांच्या ज्ञानाचा लाभ आपल्या भगिनींना मिळण्यापूर्वीच ती ज्योत मालवली. आता त्यांच्या वाटेने पुढे कोण जाणार, असा प्रश्न होता.

१८८८ साली तडजोड होऊन रखमाबाईंचा खटला मिटला. तुरुंग टळला, पण पुढे काय? वडिलांच्या ठिकाणी असलेले डॉ. सखाराम अर्जुन १८८५ सालीच निवर्तले होते. समाजातील अनेकांनी पाठ फिरविली होती. वैद्यकाचे शिक्षण घ्यावे असे मनात होते. पण त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावयाचे, तर पैसा कोठून आणावा? तेथे ओळखीचे कोण? शिक्षणाचा आरंभ कोठून करावा?

या वेळी त्यांचे बोट धरले एडिथ पीची यांनी. स्वतःच्या हक्काची शिष्यवृत्ती नाकारली गेली तेव्हा मनाला काय वाटते, हे पीचीबाईंना कोणी शिकवावयास नको होते. त्यांनी रखमाबाईंना धीर दिला, वाट दाखविली आणि त्यांच्या शिक्षणासाठी निधी जमविण्यास साहाय्य केले. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांच्यासारख्या देणगीदारांनीही मदत केली. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या. कोणत्या विद्यालयात, ते तुमच्या ध्यानी आलेच असेल. सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने लंडनला उभ्या राहिलेल्या त्याच वैद्यकीय विद्यालयात! एडिंबरा येथे ज्यांच्या अंगावर चिखल उडाला होता, त्यांनी बांधलेल्या दारातून मुंबईच्या सुतार समाजातील एक मुलगी आत गेली.

रखमाबाई १८९४ साली डॉक्टर झाल्या व पुढल्याच वर्षी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. आरंभी बायका रुग्णालयात येण्यास भीत. असे सांगितले जाते, की रखमाबाईंनी एका गाभण शेळीला रुग्णालयात आणून तिची सुखरूप सुटका केली आणि मग कोठे बायकांचा विश्वास बसला. पुढे त्यांनी राजकोटलाही काम केले. सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा करून त्या निवृत्त झाल्या आणि १९५५ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या हातून किती माता व बालके वाचली असतील, याची गणती कोण करणार?

रखमाबाई लंडनमध्ये शिकत असता, अमेरिकेतील शिकागो शहरी अशीच दुसरी घटना घडत होती. अमेरिकेत पूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना गुलाम करून राबवीत असत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. परंतु कातडीच्या रंगावरून होणारा भेद संपला नाही. कृष्णवर्णीय मुलांना पुष्कळ विद्यालयांची दारे बंद असत आणि कृष्णवर्णीय डॉक्टरांना पुष्कळ रुग्णालये आपल्याकडे काम करू देत नसत.

अशा काळात डॅनियल हेल विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा वाढला. बालपणीच वडील गेले. तो काही दिवस चांभाराच्या हाताखाली शिकला, पुढे केस कापण्याच्या दुकानात काम करू लागला. विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सव्हिल या गावी हेन्री पामर नावाचे एक प्रसिद्ध शल्यविशारद होते. त्यांनी या तरुणास आपल्या हाताखाली शिकाऊ म्हणून घेतले. पामर हे गोरे होते; पण त्यांनी मुलाचा रंग न पाहता त्याची चिकाटी पाहिली. त्या आधारावर विल्यम्स शिकागोच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि १८८३ साली डॉक्टर झाला.

काही वर्षांनी त्यांच्याकडे एक धर्मोपदेशक आले. त्यांची बहीण एमा रेनॉल्ड्स हिला परिचारिका व्हावयाचे होते. परंतु ती कृष्णवर्णीय असल्यामुळे शिकागोतील परिचारिका-विद्यालये तिला प्रवेश देत नव्हती. डॉ. विल्यम्स यांना एखाद्या विद्यालयास चिठ्ठी लिहून, तिला तेवढी घ्या, अशी विनवणी करता आली असती. त्यांनी तसे केले नाही. एकीसाठी दार किलकिले करण्यापेक्षा सर्वांसाठी नवे दार करावे, असे त्यांनी ठरविले. १८९१ साली त्यांनी 'प्रॉव्हिडंट' नावाचे रुग्णालय व त्याला जोडून परिचारिका-विद्यालय सुरू केले. तेथे काळे व गोरे डॉक्टर एकत्र काम करीत. १८९३ साली याच लहानशा रुग्णालयात छातीत सुरा लागलेला एक तरुण आणला गेला. डॉ. विल्यम्स यांनी त्याची छाती उघडून हृदयाभोवतीचे फाटलेले आवरण शिवले आणि त्याला वाचविले. त्या काळी हृदयाजवळ शस्त्र नेण्यास मोठमोठे डॉक्टरही धजत नसत. आणि ती एमा? ती तर परिचारिका झालीच. शिवाय पुढे शिकून १८९५ साली डॉक्टरही झाली.

मुलांनो, सोफियाचे विद्यालय आणि विल्यम्स यांचे रुग्णालय यांत काही साम्य दिसते का? ज्याला स्वतःला वा ज्याच्या बांधवांना दाराबाहेर थांबावे लागले, त्यानेच दुसऱ्यासाठी दार उघडले. दुःख भोगून माणूस कडवट होऊ शकतो. तसाच तो दुसऱ्याचे दुःख ओळखणाराही होऊ शकतो. या दोन वाटांपैकी कोणती धरावयाची, हे त्याच्याच हाती असते.

तुम्ही म्हणाल, ही झाली शंभर वर्षांपूर्वीची आणि मोठ्या शहरांतील गोष्ट. तर आता आपल्या महाराष्ट्रातील एका दुष्काळी तालुक्याकडे या. त्या वेळच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने आरोग्यसेवेचे काम आरंभिले. त्यांना लवकरच उमगले, की रुग्णालयात बसून गावोगावचे आजार हटणार नाहीत. मग त्यांनी गावातीलच स्त्रियांना शिकविण्याचे ठरविले. त्यांतील पुष्कळ जणी दलित समाजातील होत्या. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. ज्यांना गावाने पाणवठ्यापासून दूर ठेवले होते, त्याच स्त्रिया बालकांचे वजन घेऊ लागल्या, जुलाब झालेल्या मुलांना मीठसाखरेचे पाणी द्यावयास शिकवू लागल्या, बाळंतपणे सुखरूप करू लागल्या. प्रथम गावकऱ्यांनी नाके मुरडली. पण स्वतःचे मूल आजारी पडले, की रात्री-अपरात्री त्यांच्याच दारी येऊन ते उभे राहू लागले. मुलाचा जीव वाचविणाऱ्या हाताची जात विचारावी, असे मग कोणाला वाटणार? या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यांपैकी मुक्ताबाई पोळ नावाच्या एका आरोग्यसेविकेस अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरी भरलेल्या परिषदेत बोलण्याची संधी मिळाली. सभागृहात झगमगणारी झुंबरे टांगलेली होती. त्यांच्याकडे पाहून मुक्ताबाईंनी सांगितले, की मोठे डॉक्टर या झुंबरासारखे आहेत. ते सुंदर खरे, पण महाग आणि हाताला न येणारे. आपण स्वतः लहानशा पणतीसारख्या आहोत. पणती साधी आणि स्वस्त, पण तिने दुसरी पणती लावता येते. एके काळी घराबाहेर बोलण्यासही कचरणारी खेड्यातील एक स्त्री जगभरच्या विद्वानांपुढे हे सांगत होती!

आता पुन्हा आमच्या टेकडीकडे येऊ.

दुकानातील त्या भेटीनंतर काही वर्षांनी शाळेत लस टोचण्यासाठी परिचारिका आल्या होत्या. आठवीतील एक मुलगी, स्वतःची लस टोचून झाली तरी वर्गात न जाता, दाराशी उभी राहून त्यांचे काम टक लावून पाहत होती. मी विचारले, "काय ग, काय पाहतेस?" ती लाजून म्हणाली, "सर, मला हे काम करावेसे वाटते."

तिची आई भाजी विकत असे. वडील आजारी होते. या खेपेस मी नुसते, "अभ्यास कर," असे म्हणून थांबलो नाही. मी एक कागद घेतला आणि त्यावर तिच्यासमोर वाट लिहून काढली. दहावीनंतर कोणती शाखा, कोणते विषय, बारावीनंतर कोणती प्रवेशपरीक्षा, अर्ज कधी भरावयाचा, कोणते दाखले लागतात, शिष्यवृत्ती कोठे मागावयाची, हे सारे त्यात होते. यांतील निम्म्या गोष्टी मलाही ठाऊक नव्हत्या. त्या मी विचारून घेतल्या. तिच्या आईस बोलावून तो कागद वाचून दाखविला. पुढे एका रविवारी, उपनगरातील एका रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका बाईंशी मी तिची गाठ घालून दिली.

ती मुलगी आज स्वतः परिचारिका आहे. निवृत्तीनंतर एका रविवारी मी सहज शाळेकडे गेलो असता, ओसरीवर ती वस्तीतील चारपाच मुलामुलींना घेऊन बसलेली दिसली. तिच्यापुढे एक कागद होता, आणि त्यावर ती वाट लिहीत होती. मला पाहताच ती उठली. मी म्हणालो, "तुला हे कोणी सांगितले?"

ती म्हणाली, "सर, एक गोष्ट मी तुम्हांला कधी सांगितली नाही. तुम्ही मला त्या ताईंकडे पाठविलेत ना, तेव्हा मी रुग्णालयाच्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आत सगळे लोक मोठे वाटले. आपल्याला कोणी हाकलून देईल, असे वाटले. मी रस्त्यापर्यंत आले होते. तेवढ्यात ताई बाहेर आल्या आणि त्यांनी माझा हात धरला. त्या बाहेर आल्या नसत्या, तर मी पुन्हा गेले नसते. या मुलांपैकी कोणी दारातून परत फिरू नये, म्हणून मी येते."

मी निःशब्द झालो. मी कागदावर वाट लिहिली होती. पण दारात पाय अडखळतो तेव्हा कागद पुरत नाही, तेथे माणूसच लागतो, हे मला माझ्या विद्यार्थिनीने शिकविले.

बालमित्रांनो, आरोग्याची सेवा करणारे केवळ डॉक्टरच नसतात. परिचारिका, औषधे देणारे औषधनिर्माते, रक्त तपासणारे तंत्रज्ञ, अधू अवयवांना व्यायामाने बळ देणारे उपचारक, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका या साऱ्यांच्या हातांवर रुग्णालय उभे असते. आज या वाटा पूर्वीहून जवळ आल्या आहेत. महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालये पूर्वी केवळ शहरभागात होती. २०१५ साली उपनगरातील कूपर रुग्णालयास जोडूनही एक महाविद्यालय सुरू झाले. परंतु वाट जवळ असणे वेगळे आणि ती ठाऊक असणे वेगळे. म्हणून मनात प्रश्न आला, की तो विचारा. शिक्षकांना विचारा, दवाखान्यातील ताईंना विचारा, एकाने सांगितले नाही तर दुसऱ्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि उद्या तुम्ही त्या दारातून आत गेलात, तर एकदा मागे वळून पाहा. रस्त्याच्या कडेला कोणी संकोचाने उभे असेल. त्याला हाक मारून थांबू नका. बाहेर या आणि त्याचा हात धरा.

शब्दार्थ

वर्दळ — ये-जा
असह्य — सहन न होणारे
अपील — वरच्या न्यायालयाकडे केलेली दाद
तडजोड — दोन्ही पक्षांनी काही सोडून केलेला समेट
निवर्तणे — मृत्यू पावणे
शल्यविशारद — शस्त्रक्रिया करण्यात निपुण असलेला डॉक्टर
कचरणे — भीती वाटून मागे सरणे
ओसरी — घराच्या पुढील मोकळी, छपराची जागा

स्वाध्याय

१. "उत्तर गोड होते, परंतु त्यात काडीचीही मदत नव्हती," असे लेखक का म्हणतात?
२. एडिथ पीची यांना एडिंबरा येथे कोणते अन्याय सोसावे लागले? त्यांचा रखमाबाईंना कसा उपयोग झाला?
३. एमा रेनॉल्ड्ससाठी डॉ. विल्यम्स यांनी शिफारसपत्र न देता रुग्णालय व विद्यालय काढले. यातून त्यांच्या स्वभावाचा कोणता गुण दिसतो?
४. मुक्ताबाई पोळ यांनी झुंबर व पणती यांचे उदाहरण कशासाठी दिले?
५. 'कागद पुरत नाही, तेथे माणूसच लागतो,' या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : पाठ फिरविणे, नाके मुरडणे, ध्यास घेणे, पाठीशी उभे राहणे.
७. उपक्रम : आपल्या वस्तीजवळील दवाखान्यात काम करणाऱ्या एका व्यक्तीस भेटा. ती या कामापर्यंत कशी पोहोचली आणि वाटेत तिला कोणी साहाय्य केले, हे विचारून दहा ओळी लिहा.